नाताळचं झाड पेटलं, त्याची गोष्ट. आणि यंदासाठी विचारणा (मिरज)

मिरजवाली | ८ डिसेंबर, रात्री ९.४०

सगळ्यांना सलाम.

गेल्या वर्षी ३० डिसेंबरला आमच्या बाहेरच्या खोलीतलं नाताळचं झाड पेटलं. कुणाला काही झालं नाही, देवाची कृपा. इथं लिहावं असं वर्षभर मनात होतं आणि वर्षभर टाळलं. परवा उपासनेहून येताना सुरूच्या फांद्यांनी भरलेली गाडी दिसली, पोटात गोळा आला. म्हणून आज लिहायला बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं मिरज-सांगलीच्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत नाताळचं झाड म्हणजे सुरूची फांदी. फर, स्प्रूस इथं कुठलं मिळायला! डॉ. वानलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये दवाखाना काढला, तिथं सासूबाईंचे आजोबा कंपाउंडर होते. त्यांच्या वेळेपासून या घरात सुरू येतो. माणसाच्या उंचीची फांदी, तेलाचा रिकामा डबा, डब्यात वाळू, वाळूत फांदी ठोकून रोवायची. डब्याला क्रेप कागद, फांद्यांवर बर्फ म्हणून कापसाचे पुंजके, लाइटच्या माळा, शेंड्याला चांदणी. करंज्या-शंकरपाळ्यांची कढई चढायच्या आधी झाड उभं राहिलं पाहिजे, हा सासूबाईंचा नियम.

गेल्या वर्षी १२ डिसेंबरला उभं केलं. नाताळापर्यंतच त्याचा रंग तपकिरी झाला होता. रोज सकाळी खाली सुपलीभर काड्या पडायच्या, मी झाडून काढायचे. झाड आहे, गळणारच, एवढंच मनात यायचं.

३० तारखेला संध्याकाळी लाइट गेले. अर्ध्या तासानं आले. मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज आला. कढई तर माझ्यासमोर होती आणि ती थंड होती, म्हणून बाहेर आले. झाडाच्या मध्यावर, जिथं माळेला टेप मारून जोड दिला होता आणि तो दिसू नये म्हणून मीच वर कापूस लावला होता, तिथं तळहाताएवढी ज्योत होती. मी ‘अहो’ म्हणून हाक मारली तेवढ्यात ती एका पुंजक्यावरून दुसऱ्यावर गेली. हे मोरीतून बादली घेऊन येईपर्यंत ज्वाळा छताला लागल्या होत्या. तशीच बादली फेकली. माळ अजून चालू होती, हे नंतर ध्यानात आलं.

झाड पुढच्या दाराशेजारीच ठेवलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून. त्यामुळं त्या दारानं बाहेर पडता येईना. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला आणि सासूबाईंना घेऊन मागच्या दारानं परड्यात आलो. शेजारच्या दादांनी मीटरजवळचा मेन पाडला. आणखी दोन-तीन मिनिटांत झाड आपोआप संपलं, जळायला काही उरलंच नाही. पडदा गेला. प्लास्टिकच्या खुर्चीची पाठ वाकून बसायच्या जागेवर आली होती. छत आणि भिंतीचा वरचा अर्धा भाग काळा, खाली भिंत पांढरी, मधे दोरी धरून आखल्यासारखी रेघ.

दुसऱ्या दिवशी साफसफाई करताना डबा उपडा केला. वाळू घरंगळून पडली, कोरडी ठणठणीत, चाळणीनं चाळावी अशी. अठरा दिवसांत त्या डब्यात आम्ही कुणीही पेलाभर पाणी घातलं नव्हतं. परड्यातल्या तुळशीला रोज घालत होते. घरातल्या झाडाला पाणी लागतं हे मला सुचलंच नाही.

यंदा सासूबाई म्हणतात, झाड आणायचंच. मुलगा म्हणतो, मम्मी प्लास्टिकचं आण. तो अजूनही त्या कोपऱ्यात बसत नाही. मला दोघांचंही पटतं. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सांगा.

---

म्हैसाळची_लेक | ८ डिसेंबर, रात्री १०.०५

वाचताना घाम फुटला ताई. सगळे सुखरूप आहात, हे फार मोठं. आमच्या घरीही अशीच वाळू, असाच डबा.

---

साताराकंदी | ८ डिसेंबर, रात्री १०.३२

ताई, तुमच्यावर गुदरलं ते वाईटच. पण मी साताऱ्यात चाळीस वर्षं सुरूच लावतोय. माझे वडील तर झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावायचे, पत्र्याच्या चिमट्यात बसवून. कधी काही झालं नाही. चूक त्या जोडाची होती, झाडाची नव्हे. माळ नवी आणा, झाड नेहमीसारखंच करा. सासूबाईंचं मन मोडू नका.

---

वायरमन_विश्रामबाग | ९ डिसेंबर, सकाळी ७.१५

ताई, मी सांगलीत वायरिंगची कामं करतो, बावीस वर्षं झाली. जोडाबद्दल कंदीदादा म्हणतात ते अर्धं बरोबर आहे.

तुमच्या मनात येईल की घरात एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा खटका, होती, मग ती पडली का नाही? हा प्रश्न मला दर दिवाळीला कुणी ना कुणी विचारतं. एमसीबी भिंतीतल्या वायरीला जपते, माळेला नाही. ती सहा किंवा दहा अँपिअरची असते आणि त्याहून जास्त करंट ओढला गेला तरच पडते. माळ ओढते अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी. ढिल्या जोडात करंट वाढत नाही, फक्त ती एक जागा तापून लाल होते. एमसीबीला तिथं काहीच वावगं दिसत नाही. ज्यांच्याकडं आरसीसीबी आहे त्यांनीही निर्धास्त राहू नये. ती करंट जमिनीकडं गळला तर पडते. इथं करंट आपल्या वाटेनंच चालला होता, वाटेत एक जागा पेटली.

आता त्या स्वस्त माळा. आतलं तांबं केसाएवढं असतं. वर्षभर गुंडाळून माळ्यावर टाकतो, काढताना ओढतो, आत तार तुटते आणि वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. जुन्या बल्बच्या माळेत आणखी एक खोड आहे. बल्ब एकामागोमाग एक जोडलेले असतात, २३० व्होल्ट सगळ्यांत वाटले जातात. ५० बल्ब असतील तर एकेकाच्या वाट्याला साडेचार व्होल्टच्या थोडं वर. एक बल्ब गेला की लोक तो काढतात आणि वायरी पिळून टेप मारतात. असे दहा काढले की उरलेल्या चाळिसांना पावणेसहा व्होल्ट. मग ते जास्त उजळतात, जास्त तापतात आणि लवकर जातात. म्हणजे दर दुरुस्तीला माळ आणखी गरम होत जाते.

जोडावर कापूस लावला, तिथं तुमचा घात झाला. उघडा जोड निदान हवेनं थंड राहतो, वास येतो, ठिणगी नजरेला पडते. कापसानं उष्णता आत कोंडली आणि पेटायला पहिलं जळणही त्यानंच दिलं. चकचकीत जिलेटीन-चमकीच्या झालरी असतील तर त्याही माळेपासून लांब ठेवा. काही झालरींना धातूचा मुलामा असतो, सोललेल्या वायरीला लागल्या तर शॉर्ट होतं.

यंदा अडॅप्टरवर चालणारी किंवा सेलवरची कमी व्होल्टची एलईडी माळ घ्या. बल्बपेक्षा पुष्कळ थंड चालते. बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी खूण बघून घ्या. टेप मारलेली माळ झाडावर नको, मग टेप मी स्वतः मारलेली का असेना. एका बोर्डात दुसरा बोर्ड, त्यात तिसरा असं करू नका. आणि लाइट गेले की माळेचं बटण बंद करायची सवय लावा. लाइट परत येताना क्षणभर व्होल्टेज उसळतं आणि त्याच वेळी घरात सगळे दुसऱ्या कामात असतात. झोपताना आणि घराबाहेर पडताना तर बंदच.

---

अटलांटा_ते_आष्टा | ९ डिसेंबर, सकाळी ९.५०

मी आष्ट्याची, सोळा वर्षं अमेरिकेत. इथं शेजारीपाजारी बहुतेकांकडं खरं कापलेलं झाड असतं, आमच्याकडंही मुलांच्या हट्टापायी असतं. ताई, तुमची ती वाळू वाचली आणि लगेच लिहायला घेतलं, कारण इथं सगळा भर पाण्यावर असतो.

इथली झाडं शेतात पिकवतात, आपल्याकडं ऊस लावावा तशी रांगांत. नोव्हेंबरमध्ये कापून गाड्या भरून शहरात येतात. विकणारा माणूस देताना बुंध्याची इंचभर चकती करवतीनं कापून देतो. पहिल्यांदा मला वाटलं, उंचीला बसावं म्हणून कापतोय. त्यानं सांगितलं की कापल्यावर काही तासांत राळ साकळते आणि बुंध्याचं तोंड बंद होतं, मग कितीही पाणी द्या, झाड पीत नाही. घरी आणल्यावर ते पाणी राहील अशा स्टँडमध्ये उभं करतात. बुंध्याच्या जाडीच्या दर इंचाला दिवसाला साधारण लिटरभर पाणी, असा हिशेब. चार इंची बुंधा पहिल्या दिवशी चार लिटर सहज पितो. मी पहिल्या वर्षी सकाळी भरलेलं भांडं संध्याकाळी रिकामं बघून स्टँड गळतंय की काय म्हणून फरशी पुसून बघितली होती. पाणी एकदा बुंध्याच्या खाली गेलं की तोंड पुन्हा बंद, म्हणून रोज बघावं लागतं.

हे एवढं जपायचं कारण असं. एनआयएसटी म्हणून इथली सरकारी प्रयोगशाळा आहे. त्यांनी खोली बांधून, सोफा वगैरे ठेवून, त्यात वाळलेलं पाइनचं झाड पेटवून चित्रीकरण केलं. तीन-चार सेकंदांत झाड पूर्ण पेटतं, लगेच काळा धूर छताला लागून पसरतो आणि मिनिटभराच्या आत अख्खी खोली एकदम भडकते. पाणी प्यालेल्या झाडाचं चित्रीकरणही आहे. त्याला पेटवायचा प्रयत्न करतात, थोडं जळतं आणि विझतं. झाड तेच, फरक फक्त अंगातल्या ओलीचा.

इथं नाताळच्या झाडापासून घराला लागणाऱ्या आगी वर्षाला दीडशेच्या आसपास, म्हणजे इतक्या मोठ्या देशात फार नव्हेत. पण लागली तर माणूस दगावण्याचं प्रमाण इतर आगींपेक्षा जास्त, कारण पळायला वेळच मिळत नाही. जवळपास निम्म्या आगींत वीज किंवा माळा असतात. वायरमनदादा म्हणतात तेच.

साताराकंदी काका, मेणबत्त्यांबद्दल: पूर्वी युरोप-अमेरिकेतही त्याच लावायचे. पण त्या नाताळच्या संध्याकाळी थोडा वेळ, घरातलं मोठं माणूस तिथंच थांबून आणि शेजारी पाण्याची बादली ठेवून. १८८२ मध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी लाल, पांढरे आणि निळे मिळून ८० विजेचे दिवे झाडावर लावले. ते विजेच्या दिव्यांचं पहिलं झाड.

---

साताराकंदी | ९ डिसेंबर, सकाळी ११.२०

बादली आमच्याकडंही असायची. वडील ठेवायचे. इतक्या वर्षांत विसरलो होतो, तुमचं वाचून आठवली. पितळी होती, आणि आई त्यात भिजवलेलं फडकं टाकून ठेवायची. आम्हा मुलांना तिला हात लावायची परवानगी नव्हती.

---

रोपवाला_वाई | ९ डिसेंबर, दुपारी २.४०

नमस्कार. माझी वाईजवळ नर्सरी आहे, डिसेंबरमध्ये पाचगणी-महाबळेश्वरकडं जाणारे पुष्कळ लोक थांबतात आणि ‘ख्रिसमस ट्री आहे का’ विचारतात. झाडांच्या बाजूनं थोडं लिहितो.

सुरू हा पाइन नव्हे, नुसता दिसतो तसा. त्याचे जे हिरवे दोरे आपण पानं समजतो त्या खरं तर बारीक डहाळ्या आहेत. दोरा नखानं ताणला की सांध्यातून सुटतो, बघा. त्या सांध्यावर करवतीच्या दातांसारखी बारीक खवल्यांची कडी दिसते, ती त्याची पानं. लहानपणी कोकणात मामाकडं आम्ही दोरा सांध्यातून तोडून परत बसवायचो आणि कुठं तुटलाय ते ओळखायला लावायचो.

पाइन-फरसारखी राळ सुरूत नसते, ही जमेची बाजू. पण दोरे शिवणाच्या दोऱ्याएवढे बारीक, त्यामुळं हवा चहूबाजूनं लागते आणि ओल फार लवकर जाते. आणि जळण म्हणून सुरूचं लाकूड नावाजलेलं आहे. जळणासाठीच त्याची लागवड करतात. ओलं असलं तरी पेटतं असं ते लाकूड. तुम्ही घरात जे उभं करता ते मुळात उत्तम सरपण आहे, हे ध्यानात ठेवून वागायचं. डिसेंबरात आपल्या भागातली हवा कोरडी, त्यात कुणी फांदी पंख्याखाली उभी करतं. मग आठवडाही लागत नाही.

मोरपंखीच्या फांद्या काही जण लावतात. मोरपंखीचं पान चुरडलं की वास येतो ना, ते तेल असतं. वाळलेली मोरपंखी सुरूपेक्षा बरी, असं समजू नका.

फांदी आणायचीच असेल तर अशी आणा. गाडीवरची घेताना दोरा सांध्यात ताणून बघा. ताजा असेल तर ओढ देऊन सुटतो आणि टोक ओलसर लागतं. वाळलेला असेल तर सांधा सोडून कुठंही कटकन मोडतो, त्याचा चुरा होतो. फांदी हलवल्यावर दोऱ्यांचा सडा पडला तर ती सोडून द्या. घरी आणल्यावर बुडातून दोन बोटं तिरकं कापा आणि लगेच पाण्यात ठेवा. वाळू नकोच. डब्यात दगड किंवा जाड खडी भरा, म्हणजे फांदी उभी राहील, आणि दगडांत पाणी भरा. डबा गळका नाही ना, ते आधी बघा, नाहीतर पाणी फरशीवरून बोर्डाकडं जायचं.

दुसरी वाट म्हणजे कुंडीतलं जिवंत झाड. नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतं ते अरोकेरिया. ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफॉक बेटावरचं आणि न्यू कॅलेडोनियातलं हे झाड, आपल्याकडं आता बागांतून सगळीकडं दिसतं. मजल्यामजल्यानं फांद्या येतात. मुळं कुंडीत, पाणी चालू, त्यामुळं अंगात ओल असते आणि सहजी पेट घेत नाही. पाच-सहा फुटी महाग पडतं हे खरं, पण दोन-तीन फुटी घेतलं आणि स्टुलावर ठेवलं तरी शोभतं. नाताळ झाला की एकदम भर उन्हात ठेवू नका, आठ-दहा दिवस सावलीत, मग हळूहळू उजेडात. शेंडा कधी छाटायचा नाही. छाटला की ती सरळ चढण परत येत नाही. आणि जड चांदणी शेंड्याला बांधू नका, तो कोवळा असतो.

---

बंबवाला | ९ डिसेंबर, रात्री ८.१०

मी अग्निशमन दलातनं निवृत्त झालो. कुठल्या पालिकेत ते जाऊ द्या. एकतीस वर्षं नोकरी.

खरं सांगायचं तर नाताळच्या झाडाची आग मी एकदाच बघितली. मखराच्या, आकाशकंदिलाच्या, देवघरातल्या निरांजनाच्या किती बघितल्या त्याला गणती नाही. तेव्हा हा धागा सगळ्यांनीच वाचावा, कुठल्याही सणाला उपयोगी पडंल. सुकलेलं, बारीक, हवेत मोकळं लटकलेलं, आणि त्याला विजेची नाहीतर ज्योतीची सोबत. मखर काय, झाड काय, आगीला सारखंच.

ताई, तुम्ही एक गोष्ट लाखमोलाची केली. माणसं घेऊन मागच्या दारानं निघालात. आणि एक चूक केली, ती तुमच्या ध्यानात आलेली आहे, बादलीची. माळ चालू असताना पाणी मारायचं नाही. आधी मेन पाडायचा, पण मेनपर्यंतची वाट आगीतनं असंल तर मेनही सोडून द्यायचा.

माझं सांगणं असं. ज्योत तळहाताएवढी आहे, हाताशी आग विझवायचं एबीसी पावडरचं नळकांडं आहे आणि तुमची पाठ दाराकडं आहे, तरच एकदा मारून बघा. एकदाच. ज्योत गुडघ्याच्या वर गेली, की झाडाला हात लावायचा नाही. माणसं बाहेर, आणि निघताना त्या खोलीचं दार ओढून घ्यायचं. दार ओढायला एक सेकंद लागतो. पण त्यानं आगीला हवा कमी मिळती, धूर बाकीच्या घरात जात नाही आणि आम्हाला पोचायला वेळ मिळतो. बाहेर आल्यावर १०१ किंवा ११२. पत्ता सांगताना गल्लीचं नाव आणि जवळची खूण सांगा. बंब अरुंद बोळात शिरत नाही, तो कुठवर येईल तेही सांगा.

तुमच्या भिंतीवरची ती रेघ. वर काळं, खाली पांढरं. ती रेघ म्हणजे त्या वेळी धूर कुठपर्यंत खाली उतरला होता त्याचं माप. तिच्या वर जी हवा होती त्यात दोन-चार श्वास घेतले असते तर पाय लटपटले असते. आगीत बरीच माणसं भाजून नाही, धुरानं जातात. म्हणून धूर दिसला की खाली वाका, मुलांना रांगत न्या. मोबाईल, दागिने, काही आणायला परत आत जाऊ नका. मी आत गेलेली माणसं बाहेर काढलीत. त्याबद्दल इथं लिहवत नाही.

झाड दारापाशी ठेवायचं नाही. जिन्याच्या तोंडाशी नाही. पडद्यापासनं, देवघराच्या दिव्यापासनं आणि गॅसपासनं निदान तीन फूट लांब. दाराबाहेरनं दिसावं ही हौस मी समजू शकतो. खिडकीत चांदणी लावा, ती रस्त्यावरनं दिसती.

---

म्हैसाळची_लेक | ९ डिसेंबर, रात्री ८.४४

काका, चांदणीचं विचारणारच होते. आमची कागदी आहे आणि आत साधा ६० वॉटचा बल्ब. शिवाय गव्हाणीचा देखावा करतो, त्यात खरा पेंढा आणि बाळ येशूजवळ छोटी पणती.

---

वायरमन_विश्रामबाग | ९ डिसेंबर, रात्री ९.०२

ताई, तो ६० वॉटचा आजच काढा. सात किंवा नऊ वॉटचा एलईडी घाला, उजेड तेवढाच येईल. होल्डर कागदाला टेकत नाही ना, ते बघा.

---

बंबवाला | ९ डिसेंबर, रात्री ९.१०

पेंढ्यात पणती नको, पोरी. सेलवरची मिळती, ती ठेव.

---

प्लास्टिकचं_घेतलंय | १० डिसेंबर, दुपारी १२.३०

आम्ही प्लास्टिकचं घेतलं तीन वर्षांपूर्वी. त्याला धोका नाही ना?

---

बंबवाला | १० डिसेंबर, दुपारी १.१५

खोक्यावर ‘फायर रिटार्डंट’ लिहिलेलं असंल तर लवकर पेटत नाही. पेटतच नाही, असं मात्र समजू नका. ती पानं बहुतेक पीव्हीसीची असत्यात आणि पीव्हीसी जळला की घशाला झोंबणारा विषारी धूर सुटतो. माळ, कापूस आणि दाराचा नियम त्यालाही तोच.

---

मिरजवाली | १० डिसेंबर, रात्री १०.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस हा धागा घरात मोठ्यानं वाचतेय. बंबवालेकाका, भिंतीवरच्या त्या रेघेचं तुम्ही लिहिलंत ते यांना वाचून दाखवलं, तेव्हा हे उठून त्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. रंग दिलाय आता. तरी यांनी हात वर करून रेघ कुठं होती ते दाखवलं. यांच्या खांद्याला लागते. मुलाच्या डोक्याच्या वर.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, माझ्या माहेरी झाड नाताळच्या आदल्या दिवशी यायचं आणि नव्या वर्षाच्या दिवशी निघायचं. महिनाभर ठेवायची पद्धत नंतर आली, माळा आल्या तशी. मला हे माहीतच नव्हतं. चोवीस ते एक, आठच दिवस. त्या आठ दिवसांत फांदी वाळायच्या आत सण होऊनही जातो.

तेव्हा असं ठरलंय: सुरूच आणायचा, पण २३ तारखेला संध्याकाळी. दगड आणि पाणी. कापूस अजिबात नाही. मुलानं एका अटीवर होकार दिला. दारापाशी नाही, आणि पाणी तो घालणार.

---

साताराकंदी | ११ डिसेंबर, सकाळी ६.५०

मी आमचं झाड ५ तारखेलाच उभं केलं होतं. काल रात्री रोपवाल्यांनी सांगितलं तसा दोरा ताणून बघितला. पहिला मोडला. दुसरा मोडला. खालच्या फांदीचा मूठभर घेऊन चोळला तर तळहातावर चहाच्या पुडीसारखा चुरा.

सकाळी सहाला फांदी बाहेर काढून अंगणात ठेवली आहे. बायको विचारते आहे की आता नातवंडांना काय सांगायचं. वीस तारखेनंतर नवी आणू, हे सांगणार आहे. ताई, पहिल्या प्रतिसादात मी जे लिहिलं ते मागं घेतो. मेणबत्त्या वडिलांच्या आठवणीसाठी लावणार, पण टेबलावर, ताटलीत, आणि पितळी बादली माळ्यावर असेल ती शोधतो.

---

रोपवाला_वाई | ११ डिसेंबर, सकाळी ८.३०

काका, काढलेली फांदी अंगणात पेटवू नका, भडका मोठा होतो. तुकडे करून कंपोस्टच्या खड्ड्यात टाका.

---

मिरजवाली | २४ डिसेंबर, रात्री ७.२५

काल सुरू आणला. तीन गाड्या फिरलो, दोन ठिकाणी दोरे मोडले म्हणून सोडल्या. गाडीवाल्या मामांना आधी वाटलं भाव पाडायला करतोय. कारण सांगितल्यावर त्यांनी स्वतः मागं ठेवलेली, त्याच सकाळी कापलेली फांदी काढून दिली आणि बूड कोयत्यानं परत तासून दिलं.

झाड आतल्या भिंतीशी आहे. दार मोकळं. माळ सेलवरची, एकच. कापसाऐवजी मुलानं पांढऱ्या घोटीव कागदाच्या चांदण्या कापल्यात, त्याही माळेपासून लांब टांगल्यात. मेन कुठला ते घरात सगळ्यांना दाखवलं, सासूबाईंना स्टुलावर चढायला लागू नये म्हणून काठी तिथंच ठेवली. लाकडाची आहे, वायरमनदादा, आणि कोरडी.

काल रात्री डबा काठोकाठ भरला होता. आज सकाळी मुलगा उठल्याउठल्या बघायला गेला. पाणी चार बोटं खाली. धावत स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, मम्मी, ते पितंय.

आता उपासनेला निघतोय. माळ बंद केलीय.

---

अटलांटा_ते_आष्टा | २४ डिसेंबर, रात्री ८.०१

त्याला माझ्याकडून शाबासकी सांगा. नाताळच्या शुभेच्छा सगळ्यांना!

---

मिरजवाली | १ जानेवारी, सायंकाळी ५.४५

सासूबाईंच्या माहेरच्या पद्धतीनं आज झाड काढलं. रोज तांब्याभर पाणी लागलं, शेवटचे दोन दिवस अर्धाच. खालचे दोरे थोडे पिवळे झाले होते, शेंडा हिरवा. केरात काड्या पडल्या त्या सगळ्या मिळून ओंजळभर.

मुलानं एक दोरा ताणून बघितला. सांध्यातून सुटला. त्यानं तो परत बसवला आणि आजीला विचारलं, सांग, कुठं तुटलाय.